३०६० ग्राफिक्स कार्ड: पंचवीस हजारांत आणायला गेले, अडतीस हजारांत परत आले

आधीच सांगते, मी कॉम्प्युटर लाइनची नाही. घरांची इंटिरिअर करते, नाशिकला पाथर्डी फाट्याला राहते आणि बेडरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसून क्लायंटला थ्रीडी व्ह्यू काढून देते. तेव्हा हा रिव्ह्यू गेम खेळणाऱ्यांसाठी फारसा उपयोगाचा नाही. कोणत्या गेमला किती फ्रेम मिळतात ते माझ्या दहावीतल्या चिरंजीवांना विचारा, ते झोपेतसुद्धा सांगतील.

माझा कॉम्प्युटर २०१९चा. आय फाइव्ह ९४००एफ प्रोसेसर, एच ३१०चा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ४ जीबीचं. पाच वर्षं बिचाऱ्यानं कुरकुर न करता काम केलं. टू बीएचकेचे फ्लॅट असेपर्यंत ठीक होतं. मग पिंपळगाव बसवंतकडचं एक काम आलं. द्राक्षवाल्यांचा बंगला, चार बेडरूम, दुप्पट उंचीचा हॉल, वर जाणारा गोल जिना, देवघरात सागवानी कोरीवकाम. आमच्याकडे द्राक्षाचा सीझन संपत आला, हातात पैसे आले की बंगल्यांची कामं निघतात. वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला, म्हणजे १० मे २०२४ला ठरलेली, आणि मार्च उजाडला तरी यांचं लॅमिनेट ठरेना. त्यांना सगळं घर टीव्हीवर चालत जाऊन बघायचं होतं. सोफ्याचं कापड, पडदे, झुंबर, सगळ्यासकट.

एवढं मॉडेल एनस्केपमध्ये (थ्रीडी मॉडेलची खऱ्यासारखी चित्रं काढणारं सॉफ्टवेअर) उघडलं की व्हिडिओ मेमरी कमी पडतेय असा संदेश यायचा आणि मग सगळंच गोठायचं. कार्डाच्या मेमरीचं गणित मला तेव्हा कळलं. लाकडाचा, दगडाचा, कापडाचा प्रत्येक फोटो मोठा असतो, तो कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावावा लागतो. ४ जीबीत माझं देवघर आणि हॉल मिळून मावत नव्हते. जिना तर बाहेरच उभा. एका मिनिटाचा वॉकथ्रू (घरातून चालत गेल्यासारखा व्हिडिओ) रेंडर व्हायला, म्हणजे तयार व्हायला, रात्री दहाला लावायचा आणि पहाटे सव्वाचारला उठून बघायचं, झाला की मधेच बंद पडला. दोनदा बंद पडला.

म्हणून कार्ड. कोणतं घ्यायचं यावर घरात आठवडाभर चर्चासत्र चाललं. चिरंजीव ४०६०च्या बाजूने होते, कारण ते नवं, २०२३च्या जूनमध्ये आलेलं, वीज कमी खातं, ११५ वॅट फक्त. ३०६० फेब्रुवारी २०२१चं, १७० वॅट खाणारं. पण ४०६०ला मेमरी ८ जीबी, ३०६०ला १२. माझा आजार मेमरीचा होता, म्हणून मी जुन्याच्या बाजूने. आणखी एक गोष्ट मला नंतर कळली, ती इथे सांगून ठेवते: ४०६० बोर्डाच्या स्लॉटमधल्या १६पैकी ८च मार्गिका वापरतं. नव्या बोर्डावर त्यानं फरक पडत नाही, पण माझ्यासारखा जुना, पीसीआय एक्सप्रेस ३.०चा बोर्ड असेल तर रस्ता अर्धाच मिळतो. ३०६० सगळ्या १६ वापरतं. म्हणजे मी अज्ञानात बरोबर ठरले.

३०६० घेताना एका गोष्टीकडे डोळे उघडे ठेवा. याच नावाचं ८ जीबीचं कार्डही निघालंय, २०२२ च्या शेवटी. डब्यावर ३०६० तेवढंच मोठ्या अक्षरात. त्याची फक्त मेमरीच कमी नाही, मेमरीपर्यंत जाणारी वाटही अरुंद आहे, १९२ बिटची १२८ केलेली. स्वस्त दिसतं म्हणून उचलू नका, डब्यावर '१२ जीबी' वाचा, मग पैसे द्या.

जुनं कार्ड घ्यायचा विचारही झाला. ऑनलाइन चौदा-पंधरा हजारांत मिळत होती. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरिअम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं करून ते चलन कमावणं) बंद झालं तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली, त्यातलं एखादं नशिबी यायचं. नवऱ्याचं म्हणणं, मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जाऊ, सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने निघू, नवीनच स्वस्तात मिळेल. फोनवर विचारलं तर फरक अठराशेचा. दोघांचं तिकीट, ग्रँट रोडला उतरून पायपीट, आणि काही बिघडलं की पुन्हा पंचवटी. नको म्हटलं, नाशिकमध्येच घेऊ.

इथे मी एकच काम शहाण्यासारखं केलं. माझ्या पर्समध्ये पाच मीटरचा टेप कायम असतो, तो काढून कॅबिनेट आतून मोजलं. समोरच्या पत्र्यापर्यंत २९ सेंटीमीटर, पण मधे हार्डडिस्कचा रिव्हेट मारलेला पिंजरा, तिथपर्यंत साडेपंचवीस. तीन पंख्यांचं कार्ड ३२ सेंटीमीटर लांब, ते गेलंच नसतं. म्हणून दोन पंख्यांचं, सव्वाचोवीसचं ठरवलं. हे मोजमाप दुकानात कुणी विचारलं नाही हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पहिल्या दुकानाचं नाव घेत नाही. दुकान चकाचक, एसी, भिंतीवर रंग बदलणारे दिवे. कार्ड २५,८००. मी कॅबिनेट चादरीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर झोपवून नेलं होतं. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधल्या सगळ्याला वीज पुरवणारा डबा. मी विचारलं, "माझा एसएमपीएस ४५०चा आहे, चालेल ना?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "चालतो मॅडम, कन्व्हर्टर लावून देतो." दहा मिनिटांत कार्ड बसलं, विंडोज उघडलं, दिवे लागले. कन्व्हर्टरचे, म्हणजे एसएमपीएसच्या जुन्या प्लगांतून कार्डाला वीज द्यायच्या जोडवायरीचे २५०, बसवायचे ३००. मी खूश.

घरी आले. पहिला धक्का: डी ड्राइव्ह गायब. दोन टीबीची हार्डडिस्क, पाच वर्षांची सगळी क्लायंटं त्यात. अंगाला घाम फुटला. दुसरा धक्का: हॉलचा व्ह्यू लावला, पंखे जोरात फिरले, चाळीस सेकंदांनी स्क्रीन काळा आणि कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू. परत लावलं, परत तेच. इंटरनेट बघताना काही नाही, हिशेब लिहिताना काही नाही. रेंडर म्हटलं की मान टाकतो. दुकानात फोन केला तर उत्तर, "विंडोज नवीन टाकून बघा." दुसऱ्या दिवशी, "नवीन कार्ड आहे, सेट व्हायला थोडा वेळ लागतो मॅडम." कार्ड आहे की सूनबाई!

माझा एक सुतार आहे, त्याच्या भाच्याने गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका काकांचं नाव सुचवलं. खरा रिव्ह्यू यांचा आहे. त्यांनीच सांगितलंय, "ताई, नाव टाकू नका, मी एकटा माणूस आहे, रांग लागली तर कामं बिघडतील." म्हणून नाव नाही. दुकान म्हणजे जिन्याखालची आठ बाय दहाची खोली, एक ट्यूब, एक टेबल आणि टेबलावर पसरलेलं हिरवं रबर. साठीच्या आसपासचे, चष्मा कपाळावर.

मी कॅबिनेट ठेवलं आणि वायर लावायला गेले तर म्हणाले, "थांबा, सुरू करायचा नाही." आधी बाजूचा पत्रा काढला. कन्व्हर्टर बोटांत धरून त्याच्या वायरी वाकवून बघितल्या, मग चक्क वास घेतला. मलाही घ्यायला लावला. जळक्या प्लास्टिकचा हलका वास होता. पांढऱ्या प्लगच्या एका भोकाभोवती तपकिरी कडा आलेली.

मग एसएमपीएस फिरवून त्याचं लेबल मला वाचायला सांगितलं. वर '४५० वॅट' केवढंतरी मोठं. खाली बारीक तक्ता. "ते मोठं वाचू नका, १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते वाचा." १८ लिहिलं होतं. "बारा गुणिले अठरा?" मी मोबाइल काढायला लागले, ते म्हणाले, "२१६ वॅट. कार्ड एकटं १७० मागतं, प्रोसेसर ६५. झाले २३५. पंखे, डिस्क, बोर्ड अजून धरलेच नाहीत. आणि रेंडर सुरू होताना कार्ड क्षणभर १७०च्याही वर उडी मारतं. हा एवढं देतच नाही, म्हणून आपला जीव वाचवायला बंद होतो. बंद होतो हे नशीब समजा."

कन्व्हर्टरचंही समजावलं. कार्डावरच्या आठ पिनच्या खाचेतून १५० वॅटपर्यंत ओढता येते, म्हणजे साडेबारा अँपिअर. मूळ केबलीत त्यासाठी १२ व्होल्टच्या तीन वायरी असतात. आमच्या कन्व्हर्टरला जुन्या चार पिनचे दोन प्लग होते, पण त्या मुलाने दोन्ही एकाच माळेवर लावलेले. म्हणजे सगळा भार शेवटी एका पिवळ्या वायरीवर. माझं जुनं १०५० टीआय ७५ वॅटचं, तेवढी वीज स्लॉटमधूनच मिळते, त्याला वेगळी वायर लागलीच नव्हती. म्हणून पाच वर्षं त्या एसएमपीएसचं पितळ उघडं पडलं नाही.

डी ड्राइव्हचं कोडं तर त्यांनी नुसतं वाकून बघितलं आणि हसले. नवं कार्ड लांब, ते बोर्डावरच्या साटाच्या (हार्डडिस्कची वायर लागते त्या) दोन खाचांवर येतं. सरळ प्लग मधे येत होता म्हणून मुलाने तो काढून ठेवला आणि सांगितलं नाही. वायर तशीच लोंबकळत होती. काकांनी काटकोनात वळलेल्या तोंडाची केबल काढली, दीडशे रुपयांची, डिस्क पुन्हा आली. मी तिथेच स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं.

नवा एसएमपीएस ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवतो याची खूण), ५,६०० रुपये. लेबलावर १२ व्होल्टला ५४ अँपिअर. १८ आणि ५४, यापुढे मला काही पटवून द्यायची गरज नव्हती. त्यांनी साडेपाचशे वॅटचाही पुरेल हे स्वतःहून सांगितलं, कार्डाची कंपनीही तेवढाच सुचवते, पण तो त्यांच्याकडे त्या दिवशी नव्हता आणि फरक सातशेचा होता. दुसरीकडून आणलात तरी बसवून देईन म्हणाले. मी थांबले नाही.

बसवणं मात्र बघण्यासारखं होतं, कारण ते घाई करत नाहीत. भिंतीतला स्विच बंद, वायर काढली, मग सुरू करायचं बटण एकदा दाबलं, आत उरलेली वीज निघून जाऊ दे म्हणून. हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावून घेतला. कार्डाच्या शेवटी स्लॉटला एक छोटी प्लास्टिकची कडी असते, ती आधी दाबायची, मग कार्ड ओढायचं. न दाबता ओढलं तर कडी तुटते, कधी स्लॉटही उखडतो. कार्डाच्या सोनेरी दातांना हात न लावता परत बसवलं, दोन्ही टोकांवर सारखा दाब, टक आवाज आला तेव्हा सोडलं. मागचे दोन स्क्रू. मग आठ पिनची केबल. इथे त्यांनी मला दोन प्लग शेजारी धरून दाखवले, एक प्रोसेसरचा, एक कार्डाचा, दोन्ही आठ पिनचे, लांबून जुळे भाऊ. पण आत बारा व्होल्ट आणि अर्थिंगच्या जागा उलट्या. कार्डाचा प्लग सहा अधिक दोन असा तुटतो, प्रोसेसरचा चार अधिक चार. जोर लावावा लागत असेल तर चुकीचा लावताय, एवढं लक्षात ठेवा म्हणाले.

ड्रायव्हरचं (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) जुनं सगळं पुसायला सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाचा प्रोग्रॅम चालवायला हवा असं चिरंजीवांनी मला बजावून पाठवलं होतं. काका म्हणाले, एन्व्हिडियावरून एन्व्हिडियावर जाताना बहुतेक वेळा गरज नसते, पण तुमच्याकडे दोन दिवस झटके खाऊन बंद पडलाय, करून टाकू. इंटरनेट काढून ठेवलं, नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर आणून बसवतं. मग स्टुडिओ ड्रायव्हर टाकला. गेमचा आणि स्टुडिओचा असे दोन मिळतात. काम करणाऱ्याने स्टुडिओचा घ्यावा, तो उशिरा येतो पण तपासून येतो. (घरी आल्यावर यावरूनही चिरंजीवांशी वाद झाला. गेम दोन्हीवर चालतात, पण ते त्याला कोण सांगणार.)

पाऊण तास रेंडर लावून आम्ही समोर चहा प्यायला गेलो. परत आलो तर चालूच. तापमान ७१. मजुरी पाचशे. मी जास्त देऊ केले, घेतले नाहीत.

घरी आल्यावरही दोन गोष्टी निघाल्या, त्यात काकांचा दोष नाही, माझ्या सामानाचा आहे. माझा दुसरा मॉनिटर जुना, त्याला व्हीजीए आणि डीव्हीआय एवढंच. नव्या कार्डाला डीव्हीआय नाहीच, एक एचडीएमआय आणि तीन डिस्प्लेपोर्ट. साडेसहाशेचा कन्व्हर्टर आणावा लागला. दुसरं, यूपीएस. ६०० व्हीएचा, म्हणजे खरे ३६० वॅट. दोन मॉनिटर आणि रेंडर एकदम सुरू झालं की तो टिटवीसारखा ओरडायचा. एप्रिलमध्ये संध्याकाळी वारा सुटला की आमच्याकडे लाइट जाते, तेव्हा यूपीएसशिवाय रेंडर लावणं म्हणजे जुगार. काही दिवस एक मॉनिटर थेट भिंतीला लावून काढले, मग १ केव्हीएचा घेतला, ५,३००.

हिशेब: कार्ड २५,८००, एसएमपीएस ५,६००, साटाची केबल १५०, मजुरी ५००, मॉनिटरचा कन्व्हर्टर ६५०, यूपीएस ५,३००. बरोबर अडतीस हजार. पहिल्या दुकानातले साडेपाचशे मी यात धरलेच नाहीत, ते दानखाती.

आता कार्डाबद्दल, सात महिने वापरून. पिंपळगावच्या बंगल्याचा तोच एका मिनिटाचा वॉकथ्रू, सव्वासहा तासांच्या जागी एक तास दहा मिनिटांत झाला. मेमरी साडेआठ-नऊ जीबीपर्यंत भरते, म्हणजे ८ जीबीचं घेतलं असतं तर पुन्हा त्याच रडगाण्यावर आले असते. क्लायंटसमोर सोफ्याचा रंग बदलला की लगेच बदलून दिसतो. याचा तोटाही आहे: आधी "उद्या दाखवते" म्हणता यायचं, आता समोर बसून अकरा रंग बघतात आणि पहिलाच घेतात.

काय सुधारलं नाही तेही सांगते. स्केचअपमध्ये, म्हणजे मी मॉडेल काढते त्या सॉफ्टवेअरमध्ये, जड मॉडेल फिरवताना जो अडखळतो, तो अजूनही अडखळतो. ते काम मुख्यतः प्रोसेसरचं आणि त्यातही एकाच कोअरचं. मॉडेल काढणं जलद व्हावं म्हणून कार्ड घेणार असाल तर पैसे वाया जातील. रेंडरला घ्या.

आवाज कमी आहे. पहिल्या दिवशी तर पंखे फिरतच नव्हते, मी घाबरून काकांना फोन केला. काम नसताना थंड असलं की ते मुद्दाम थांबलेले असतात, रेंडर लावा, फिरतील म्हणाले. मे महिन्यात दुपारी तापमान ७८ पर्यंत गेलं. आमच्या समोर बिल्डिंगचं काम चालू आहे, सिमेंटची धूळ जाळीत बसते, महिन्यातून एकदा ब्लोअर मारते. मारताना पंख्याला बोट लावून धरते, हेही काकांनीच शिकवलं.

बिलाचं एक राहिलं. वॉरंटी तीन वर्षांची आहे, पण पहिल्या दुकानाने बिलावर सीरियल नंबर लिहिलाच नव्हता. काकांनी विचारलं म्हणून लक्षात आलं. परत जाऊन उभी राहिले, लिहून, शिक्का मारून घेतला. डब्यावरचं आणि कार्डावरचं स्टिकर एकच आहे का तेही काउंटरवरच बघा, फोटो काढून ठेवा.

जुनं १०५० टीआय काकांना दाखवलं. विकत घेता का विचारलं. म्हणाले, "ठेवा घरी. उद्या हे बिघडलं तर वॉरंटीतून परत येईपर्यंत काय लावाल? तुमच्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीनच येणार नाही." ९४००एफमधल्या त्या एफचा अर्थ मला पाच वर्षांनी कळला. कार्ड आता कपाटात आहे, साड्यांच्या खाली, मूळ पिशवीत.

काकांकडे जायचं असेल तर मला मेसेज करा, पत्ता देते. सकाळी साडेदहा ते दोन, मग थेट पाचनंतर. गुरुवारी बंद. कॅबिनेट घेऊन जायला जमत नसेल तर एसएमपीएसच्या लेबलाचा फोटो न्या, बारीक अक्षरं वाचता येतील असा.